खोली ऐकू येते का?

घरात नवी स्टिरिओ आली की आठवड्याभरात ती बघायला कुणीतरी येतंच. चहा होतो, किंमत विचारून होते (आपण खरी सांगत नाही), आणि मग पाहुणा पाय पसरून म्हणतो, ‘लावा की काहीतरी!’ या ‘काहीतरी’पाशी भलेभले अडतात. जन्मभर ऐकलेली हजार गाणी डोक्यात असतात, पण त्यातलं कुठलं लावलं म्हणजे या दोन लाकडी खोक्यांवर पैसे का घातले ते समोरच्याला पटेल, हे ऐन वेळी सुचत नाही. मग दुकानदाराने आपल्यासाठी जे लावलं होतं तेच आपण पाहुण्यासाठी लावतो. म्हणजे ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’.

मूळ १९७६चं नाही. दुकानांत वाजतं ते ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ या १९९४च्या अल्बममधलं, प्रेक्षकांपुढे साध्या गिटारींवर वाजवलेलं. आधी गिटारींची नक्षी, मग पोटात उतरणारा ढोलाचा ठोका. तीस वर्षं हा ठोका जगभरच्या हाय-फाय दुकानांतून आणि प्रदर्शनांतून पडतो आहे. मुद्रण स्वच्छ आहे, वादन झकास आहे, माझी तक्रार दोन्हीबद्दल नाही. पण पाहुण्याला त्यातून कळतं एवढंच की इथे ढोल जोरात वाजतो. ते त्याला गणपतीत फुकट कळतं.

आपण आवाज दाखवायला जातो, आणि दाखवण्यासारखी असते ती जागा. दोन स्पीकरांच्या मधे रिकामी भिंत असते. चांगलं ध्वनिमुद्रण लागलं की त्या भिंतीत दार उघडल्यासारखं होतं: कोण डावीकडे बसलाय, कोण दोन हात मागे सरकलाय, छत किती उंच आहे, हे डोळे मिटून सांगता येतं. हे मूळ मुद्रणात टिपलेलंच नसेल तर दहा लाखांच्या यंत्रातूनही ते निघायचं नाही. आणि टिपलेलं असेल तर बेताच्या किमतीचे दोन स्पीकर नीट मांडले तरी ते दिसतं. म्हणून अल्बम निवडताना मी एकच गोष्ट पाहतो. यात खोली ऐकू येते का?

स्टिरिओचा जन्मच अशा जागेच्या एका खटक्यातून झाला. ईएमआयमधला ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असं सांगतात. पडद्यावरचा नट एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला तरी त्याचा आवाज आपला एकाच कर्ण्यातून येत राहिला, हे त्याला सहन होईना. १९३१ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या नावाने आजही ओळखली जाणारी युक्ती अगदी साधी आहे. पुढचं आणि मागचं ऐकणारे, पण बाजूचं न ऐकणारे दोन मायक्रोफोन एकाच ठिकाणी, एकमेकांशी काटकोनात धरायचे. बस्स. वादकाचा आवाज आणि त्याच्याभोवतीच्या भिंतींचा आवाज, दोन्ही त्यात आपापल्या दिशेने येतात. १९४२मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून ब्लुमलाइन गेला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. स्टिरिओ तबकड्या घरोघरी जायला १९५८ उजाडलं.

तिथून पुढची दहा वर्षं मला या विषयातला सुवर्णकाळ वाटतो. तेव्हा ट्रॅक कमी होते, म्हणून कलावंतांना एकत्र बसवणं भाग होतं. आणि एकत्र बसवायचं तर चांगली जागा शोधणं भाग होतं. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीने एक जुनं चर्च घेऊन त्याचा स्टुडिओ केला होता. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ तिथला. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत, तीन ट्रॅकच्या फितीवर मुद्रित केलेला. तीन ट्रॅक म्हणजे डावा, मधला आणि उजवा. माइल्सची ट्रम्पेट मधे, कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन डावीकडे, कॅननबॉल ॲडर्लीचा उजवीकडे. पहिल्याच रचनेत माइल्स आपलं वादन सुरू करतो त्या जागेवर जिमी कॉब झांजेवर एक सणसणीत ठोका देतो. तो लागला की काही बोलू नये. ती झांज विरत विरत कुठवर जाते ते नुसतं ऐकावं. स्वस्त यंत्रात ती ‘छिस्’ करून संपते. चांगल्या यंत्रात तिच्यामागे चर्चची उंची उभी राहते. डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ त्याच वर्षी त्याच जागेत झाला. ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५मध्ये तिथे वाजवली आणि १९८१मध्ये पुन्हा तिथेच. नंतर ती वास्तू विकली गेली, पाडली गेली. आता ती फक्त तबकड्यांमध्ये उभी आहे.

त्याच १९५९च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्याच कार्नेगी हॉलमध्ये हॅरी बेलाफाँटेचे कार्यक्रम मुद्रित झाले. पाहुण्याला इंग्रजी गाण्यांचं वावडं असेल तरी हा अल्बम चालतो, कारण बेलाफाँटे प्रेक्षकांशी खेळतो. ‘मटिल्डा’ हे गाणं तो दहा-बारा मिनिटं लांबवतो, सभागृहातल्या एकेका गटाला गायला लावतो, चाळिशी उलटलेल्या बायकांना वेगळी ओळ देतो. ते लोक कुठून गातात ते ऐकण्यासारखं आहे. बाल्कनी वर आहे, लांब आहे, हे कळतं. आमच्या मावशीला स्टिरिओतलं ओ की ठो कळत नाही, पण हे गाणं लागल्यावर तिने मान वर करून छताकडे पाहिलं होतं. यंत्राला याहून मोठं प्रमाणपत्र नको.

पुढच्या काळात ही साधी रीत मुद्दाम सांभाळणारे थोडे लोक उरले. स्टॉकहोमच्या जुन्या भागात स्टाम्पेन नावाची एक जागा आहे. पूर्वी तिथे गहाणवटीचं दुकान होतं, नंतर जॅझ क्लब झाला. डिसेंबर १९७६मध्ये गर्ट पाल्मक्रान्त्झ नावाचा इंजिनिअर मोजके मायक्रोफोन आणि नाग्रा टेपरेकॉर्डर घेऊन तिथे गेला आणि आर्ने डोम्नेरुसच्या मंडळींचं वादन टिपून आला. ‘जॅझ ॲट द पॉनशॉप’ हे नाव ध्वनिवेड्यांमध्ये आपल्याकडच्या सत्यनारायणासारखं झालंय. शुभकार्य म्हटलं की हे असायचंच. ग्लासांची किणकिण, मागच्या टेबलावरची कुजबुज, व्हायब्राफोनची लोंबत राहणारी आस. वादन फार थोर आहे असं मात्र नाही. छान, खेळकर, जेवणानंतरचं आहे. सगळा अल्बम एका बैठकीत ऐकायला लावू नका. पाहुणा पुन्हा येणार नाही.

टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमधली गोष्ट मला त्याहून आवडते. २७ नोव्हेंबर १९८७ला काउबॉय जंकीज या बँडने मधोमध एकच मायक्रोफोन उभा केला आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून दिवसभर वाजवलं. चर्चवाल्यांना आपण रॉक वाजवणारे आहोत हे कळू नये म्हणून ‘आम्ही टिमिन्स कुटुंबाचे गायक, नाताळच्या कार्यक्रमासाठी मुद्रण करतोय’ अशी थाप मारली होती. कुणाचा आवाज मोठा वाटला तर बटण फिरवायची सोय नव्हती. त्या माणसाने उठून दोन पावलं मागे जायचं. ‘द ट्रिनिटी सेशन’ लावल्यावर आधी काही क्षण नुसती हवा ऐकू येते. मग मार्गो टिमिन्सचा जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज. यात ढोलाचा दणका नाही, करामत नाही. ज्या पाहुण्याला हे आवडतं तो मित्र म्हणून ठेवावा.

सिंफनी ऑर्केस्ट्राच्या बाबतीत जागेचा प्रश्न सगळ्यात मोठा असतो. डेका कंपनीने १९५८ ते १९६५ या काळात गेओर्ग शोल्टीकडून वाग्नरची चार संगीतिकांची अख्खी ‘रिंग’ करून घेतली ती व्हिएन्नाच्या सोफिएनझालमध्ये. ही इमारत मुळात वाफेचं स्नानगृह, पुढे पोहण्याचा तलाव. नंतर तलावावर लाकडी जमीन टाकून नाचाचं सभागृह केलेलं. तलावाची पोकळी खाली तशीच राहिलेली. मोठ्या सतारीचा भोपळा म्हणा हवा तर. ‘दास राइनगोल्ड’मध्ये बुटक्यांच्या भट्टीचा प्रसंग आहे, त्याला वाग्नरने अठरा ऐरणी लिहिल्यात. निर्माता जॉन कल्शॉ याने खऱ्या अठरा ऐरणी आणून वाजवल्या. एरवी वाग्नर माझ्याच्याने सलग ऐकवत नाही हे कबूल करतो, पण त्या ऐरणी मी दहा वेळा तरी लावल्या असतील. शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये फ्रिट्झ रायनरने मार्च १९५४मध्ये, म्हणजे बाजारात स्टिरिओ तबकडी येण्याच्याही आधी, दोन ट्रॅकवर केलेलं रिचर्ड श्ट्राउसचं ‘झरथुस्त्र’ही असंच.

आणि करामतच हवी असेल तर टेलार्क कंपनीची चायकोव्हस्कीची ‘१८१२’ आहे. सिनसिनाटीचा ऑर्केस्ट्रा, १९७८चं डिजिटल मुद्रण आणि खऱ्या तोफा. तबकडीवर तोफांच्या जागी खाच नुसत्या डोळ्यांना वाकडीतिकडी झालेली दिसते; सुई उडायची, स्पीकर फाटायचे, म्हणून वेष्टनावर सावधगिरीची सूचना छापली होती. तोफा वेगळ्या मुद्रित करून नंतर जोडलेल्या, तेव्हा इथे खोलीचा प्रश्न गैरलागू. एकदा वाजवायची, हसायचं, ठेवून द्यायची.

माझ्या या कसोटीला ज्यांनी सरळ धाब्यावर बसवलं आणि तरीही जिंकले, त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. स्टीली डॅनच्या ‘आजा’मध्ये (१९७७) खोली नावाला नाही. सोळा-चोवीस ट्रॅकवर एकेक वाद्य सुटं घेतलेलं, नको ते पुसलेलं; एका गाण्यातल्या काही सेकंदांच्या गिटारीसाठी अर्धा डझनाहून जास्त वादक आजमावलेले. उत्तम मुद्रणाचं ग्रॅमी त्याला मिळालं. त्यातल्याच डॉनल्ड फेगनने १९८२मध्ये ‘द नाइटफ्लाय’ संपूर्ण डिजिटल यंत्रांवर केला. मैफलींची ध्वनियंत्रणा लावणारे लोक अजूनही सभागृहात पहिल्यांदा त्याचंच पहिलं गाणं वाजवून पाहतात. १९८५चा डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’, ब्रूस स्वीडिएनने मुद्रित केलेला मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’, पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (त्यातली ती घड्याळं ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपली होती), हे सगळे याच जातीचे. इथे जागा रंगवलेली असते, सिनेमाच्या पडद्यामागच्या हिमालयासारखी. रंगारी कसबी असला की चालतं. पाहुण्याला यंत्राची सफाई दाखवायची असेल तर ‘आजा’इतका सोयीचा अल्बम नाही, प्रत्येक वाद्याच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या.

एक तिसरी जात आहे, तिच्याबद्दल मी फारसं चांगलं बोलणार नाही. खास ध्वनिवेड्यांसाठीच बनलेले अल्बम. मंद दिव्याच्या आवाजात गाणारी बाई, एक डबल बेस, जुनं ओळखीचं गाणं. ओठ उघडण्याचा आवाज ऐकू येतो, श्वास ऐकू येतो. गाण्यात म्हणण्यासारखं काही असतंच असं नाही. अपवाद आहेत. पॅट्रिशिया बार्बरचा ‘कॅफे ब्लू’ (१९९४) मुद्रण काढून टाकलं तरी उरतो, जेनिफर वॉर्न्सने गायलेली लिओनार्ड कोहेनची गाणीही. बाकीचं बरंचसं फर्निचरच्या दुकानातल्या कागदी फळांसारखं.

उलट टोकाला कीथ जॅरेटची ‘द क्योल्न कॉन्सर्ट’. २४ जानेवारी १९७५च्या त्या रात्री मंचावर ठरलेला पियानो नव्हताच. लहान, खालचे सूर पोकळ आणि वरचे पत्र्यासारखे वाजणारा दुसराच होता. जॅरेट मधल्या सप्तकात राहिला, डाव्या हाताने तेच तेच बोल घोळवत बसला, आणि पियानोच्या एकल वादनाची बहुधा सगळ्यात जास्त खपलेली तबकडी तयार झाली. चांगल्या यंत्रावर तो पियानो वाईट आहे हे नीट ऐकू येतं. तसं ऐकू आलं पाहिजे.

आता आपल्याकडे येऊ. आणि इथे जीभ जरा कडू होते.

हिंदुस्थानी संगीत या कामासाठी जन्मलेलं आहे. तीन-चार माणसं, एक बैठक, विजेचा संबंध नाही. तानपुऱ्याची जवारी हे यंत्र पारखायचं जगातलं सर्वात चांगलं साधन आहे, असं मी कुणाशीही पैज लावून म्हणेन. एका तारेतून सुरांचं अख्खं झुंबर उलगडतं. ट्रेबल कच्चा असेल तर जवारीची माशी होते, बेस फुगलेला असेल तर ती बुडते. असं असून आपल्याकडचं मुद्रण पाहा. कॅसेटच्या काळात रूढ झालेली पद्धत अशी की गवयाच्या आवाजावर बादलीने एको ओतायचा, तानपुरा दोन्ही कानांत धुक्यासारखा पसरवायचा आणि तबला सतारीच्या डोक्यावर आणून बसवायचा. डग्ग्याचा घुमारा खोलीभर, चाटेची टकटक थेट कानशिलात. प्रत्यक्ष मैफलीत पाचव्या ओळीतून असा तबला कुणी ऐकलाय? गवई म्हणे विहिरीत आणि तबलजी आपल्या मांडीवर.

मोनोत मुद्रित झालेल्या जुन्या गोष्टींचा मुद्दा वेगळा. १९५५-५६चं आकाशवाणीवरचं गीतरामायण, पन्नास-साठच्या दशकातली बहुतेक चित्रपटगीतं एकाच वाहिनीवर आहेत. चांगल्या स्टिरिओवर ती बरोबर दोन स्पीकरांच्या मधे, जरा खोल उभी राहतात. त्यात काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते नंतर कुणी त्यांना ओढूनताणून स्टिरिओ केलं, वर नवा ठेका चिकटवला की.

तरी शोधणाऱ्याला मिळतं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) हा शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा अल्बम एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते जी. एन. जोशी, म्हणजे आपले भावगीतवाले जोशी. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, संतूर, बासरी आणि गिटारीवर. संतूरच्या काड्यांचा पहिला स्पर्श आणि त्यामागची शांतता आजही कानाला ताजी लागते. पाश्चात्त्य इंजिनिअरांच्या हाती आपले कलावंत पडले तेव्हा कधी कधी नशीब उघडलं. वेल्समधल्या मॉनमथजवळ निंबस कंपनीचा वायस्टन लेज नावाचा वाडा आहे. तिथे एकाच बिंदूवरून मुद्रण करण्याची हट्टी पद्धत होती. राम नारायण यांची सारंगी, हरिप्रसादांची बासरी तिथे टिपली गेली. बासरी पाच-सहा हात लांबून आल्यासारखी, पहिल्यांदा ऐकताना हळू वाटते. आवाज थोडा वाढवायचा आणि दहा मिनिटं द्यायची. फुंक आणि सूर यांच्यामधली हवा मग कळायला लागते. ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत डिसेंबर १९८६मध्ये यान एरिक काँग्सहाउगने ईसीएम कंपनीसाठी मुद्रित केलेला झाकीर हुसेन यांचा ‘मेकिंग म्युझिक’ही या रांगेतला. हरिप्रसाद, जॉन मॅक्लॉफलिन आणि यान गार्बारेक सोबतीला. तिथे प्रतिध्वनी रंगवलेलाच आहे, पण नॉर्वेच्या थंडीसारखा स्वच्छ. आणि तबला, झाकीर यांचाच अल्बम असून, योग्य त्या मापाचा.

चित्रपटसंगीतात पाहुण्याला गार करायचं असेल तर रहमान. ‘रोजा’नंतरची त्याची बरीचशी कामं एच. श्रीधर या इंजिनिअरच्या हातची. ‘बॉम्बे’ची (१९९५) बासरीवरची धून किंवा ‘दिल से’ (१९९८) लावा, तळाचा सूर किती खाली जातो आणि त्यावर किती थर पारदर्शक राहतात ते दिसेल. मराठीत ‘सैराट’ (२०१६) आहेच. अजय-अतुल त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले. ‘विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत १९३०च्या दशकात जिथे मुद्रित झालं तीच ही जागा. ‘याड लागलं’मध्ये तंतुवाद्यांचा ताफा उठतो तेव्हा त्यामागे खरं सभागृह आहे हे लपत नाही. मग त्यावर आपला ठेका येतो, तो मात्र तिथला नाही. दोन खोल्या एकमेकींवर ठेवल्यासारखं होतं. मजा येते, पण ऐकून बघा, सांधा सापडतो.

एवढं सगळं जमवलं आणि घरची खोली दहा बाय बाराची असली तर? मुंबईत ती असतेच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, एवढ्या अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो. दहा फुटांत ५६च्या आसपासचा. मोठ्या ढोलाचा ठोका साधारण याच पट्ट्यात येतो. म्हणजे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावून आपण पाहुण्याला जे ऐकवतो त्यातला बराच भाग बिल्डरने बांधलेला असतो. तानपुऱ्याचं मात्र बरं आहे. काळी एकचा खर्ज षड्ज ६९ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे या दोन फुगवट्यांच्या वर आणि त्यांच्या दुपटींच्या खाली, मोकळ्या जागेत बसतो. पांढरी चारला तो ८७पर्यंत चढतो, आणि बारा फुटांची दुप्पट ९४ आहे, तेव्हा थोडी कटकट. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, मागे पुस्तकांचं कपाट ठेवलं, जमिनीवर सतरंजी घातली की निम्मं काम होतं, आणि त्याला स्पीकरच्या तारेइतकाही खर्च नाही. आमच्याकडच्या लोखंडी कपाटाची मूठ एका ठरावीक सुराला किणकिणायची. कुठल्या ते शोधायला मला तीन महिने लागले. आता तिच्यात कापसाचा बोळा आहे.

अल्बमचं नाव ठरलं तरी कुठली आवृत्ती हा प्रश्न उरतो, आणि तो फसवा आहे. १९९०नंतर सीड्या उत्तरोत्तर मोठ्याने वाजतील अशा बनायला लागल्या. हळू जागा उचलायच्या, मोठ्या दाबायच्या, सगळं एका पातळीवर आणायचं. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’च्या (२००८) वेळी चाहत्यांच्या लक्षात आलं की व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची आवृत्ती सीडीपेक्षा चांगली वाजते, कारण गेमवाल्यांकडे दाबण्याआधीचं मिश्रण गेलं होतं. म्हणून ‘नव्याने संस्कारित’ हा शिक्का दिसला की मी सावध होतो. गाण्यांच्या मोबाइल-ॲपवर एकाच अल्बमच्या पाच आवृत्त्या असतात. त्यातली जुनी, जरा हळू वाजणारी आधी ऐकावी. एलपी की सीडी या भांडणात मी पडत नाही. सीडीची ९६ डेसिबलची झेप कुठल्याही एलपीला नाही, आणि पावसाळ्यात एलपीवर येणारी बुरशी कुठल्याही सीडीला तेवढी छळत नाही. तरी माझ्याकडे एलपी आहेत. त्याला कारण नाही.

‘नव्याने संस्कारित’ला एक मोठा अपवाद करावा लागतो, तो ‘काइंड ऑफ ब्लू’चाच. २ मार्चच्या दिवशी मुख्य टेपरेकॉर्डर किंचित संथ चालत होता. त्यामुळे ती फीत नीट वेगाने वाजवली की सूर थोडे चढे लागायचे. तबकडीची पूर्ण पहिली बाजू अशी चढी निघाली आणि तेहतीस वर्षं तशीच विकली गेली. तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्यांना आपलं वाद्य जुळत नाही एवढंच कळायचं. दुसऱ्या यंत्रावरची राखीव फीत वापरून १९९२मध्ये ती दुरुस्त झाली. आपल्याकडच्या जुन्या ७८च्या तबकड्यांचे शौकीन यावर हसतील. त्यांतल्या कितीतरी बरोबर ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्याच नाहीत. गवई कुठल्या पट्टीत गात असे ते आठवून, हार्मोनियम पुढ्यात घेऊन वेग ठरवायचा, हा त्यांचा नित्याचा उद्योग.

शेवटी मी पाहुण्यासाठी काय लावतो? ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. कवी अलेक्झांडर हा वॉटर लिली नावाची छोटी कंपनी चालवणारा श्रीलंकेत जन्मलेला माणूस. सप्टेंबर १९९२मध्ये त्याने जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि कॅलिफोर्नियाचा राय कूडर यांना सांता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये समोरासमोर बसवलं. दोघांची ओळख होऊन तासही झाला नव्हता. मधे मायक्रोफोनची एकच जोडी, ब्लुमलाइनच्या रीतीची. व्हॉल्व्हवर चालणारा टेपरेकॉर्डर. सुखविंदरसिंग नामधारी तबल्यावर, आणि राय कूडरचा मुलगा एका अरबी ढोलकीवर. चार रचना. दोन गिटारी एकमेकींना ‘कोण रे तू?’ विचारत सुरू होतात. १९९४मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

मागच्या दिवाळीत आमचे एक परिचित आले होते. चाळीस वर्षं दादर-गिरगावात साथ केलेले तबलजी, आता हात दुखतो म्हणून नुसत्या शिकवण्या घेतात. मी काहीही न सांगता हा अल्बम लावला. ते डोळे मिटून बसले. भट्टांच्या गिटारीची, म्हणजे मोहनवीणेची, मींड चॅपेलच्या छताला लागून परत आली तेव्हा भुवई हलली. तबला सुरू झाला, तसं मला वाटलं, आता म्हणतील की साथीला फार मागे बसवलंय.

पहिली रचना संपली. त्यांनी डोळे उघडले.

‘हा तबलजी किती लांब बसलाय हो? आठ फुटांवर?’

‘असेल.’

‘बरं केलं,’ ते म्हणाले. ‘लावा परत.’